जिभेचा खटका

माणसाला नाव आईबाप देतात आणि ओळख गल्ली देते. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण. लहानथोर सगळे त्याला खटक्याच म्हणायचे.

पोरवयात त्याच्याकडे साबणाचा एक रिकामा डबा होता. डब्याला भोक, भोकावर बाटलीचं झाकण. तो डबा डोळ्याला लावून तो दिसेल त्याचा फोटो काढायचा, आणि बटण नव्हतं म्हणून जीभ टाळूला चिकटवून सोडायचा. टक्. म्हशीचा फोटो, पाहुण्याचा फोटो, नळावर भांडणाऱ्या बायांचा फोटो. बाया म्हणायच्या, "मेल्या, भांडतानाचा नको काढूस." हा म्हणायचा, "निघाला पण."

आई लवकर गेली, त्यामुळे त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं. तिला आम्ही सगळेच आक्का म्हणायचो. आक्का दवाखान्यात नर्स होती. उंच, हाडापेरानं भक्कम, जबडा असा की बोलायला लागली की पेशंट आपोआप बरा होऊन उठून बसायचा. डॉक्टरसुद्धा तिच्याशी बोलताना पेन खिशात ठेवायचे. तिनं धाकट्याला जेवू घातलं, शाळेत घातलं, शाळा जमत नाही म्हटल्यावर फोटोच्या दुकानात कामाला लावलं, आणि त्यानं स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा कॅमेराही तिनंच आणून दिला.

तो कॅमेरा म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर म्हातारा होऊन काम सोडत होता, त्याचा तो डीएसएलआर. काळा, जड, एका कोपऱ्याला पोचा आलेला. पुढं लावायचं भिंग तांब्याएवढं. गळ्यात अडकवला की माणूस आपोआप पुढे वाकायचा आणि समोरचा आपोआप ताठ व्हायचा. बटण दाबलं की असा काही खटका वाजायचा की समोरच्या माझ्या सायकलच्या दुकानात बसून मला कळायचं, कुणाचा तरी फोटो निघाला. खटक्याचं नाव तेव्हा कुठे खरं झालं. जिभेचं काम संपलं.

पण वापरलेली वस्तू ती वापरलेलीच. म्हाताऱ्या फोटोग्राफरनं त्यातून मोर्चे काढले होते, पूर काढले होते, पुढाऱ्यांच्या शिंकासुद्धा काढल्या होत्या. नंतर खटक्यानं अख्ख्या गावाची थोबाडं काढली. एक दिवस बटण दाबलं तर खटका अर्धाच वाजला आणि मागच्या पडद्यावर चूक झाल्याची अक्षरं आली. तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्यानं पाठ उघडली, आत फुंकर मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसा चेहरा केला.

"याचा शटरचा पडदा गेला. नवा पडदा आता कुठूनच येत नाही."

"मग?"

दुरुस्तीवाल्यानं दोन वस्तू काढून ठेवल्या. एक याच जातीचा, याच वयाचा दुसरा जुना डीएसएलआर. दुसरा बारका कॉम्पॅक्ट, खिशात मावेल असला, चंदेरी.

"हा मोठा घ्याल तर हाही दमलेलाच आहे. उद्या जाईल, परवा जाईल, मला विचारू नका. हा छोटा नवा आहे. अंधारात फोटोवर जरा दाणे येतात. उजेडात फोटो चांगला देतो. लोकांना दिसायला तेवढा बारका दिसतो."

खटक्यानं दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि शहाण्या माणसानं घ्यावा तोच घेतला. छोटा. आणि घरी येईपर्यंत त्याच शहाणपणाची त्याला लाज वाटायला लागली.

पहिलंच काम मिळालं ते एका पोराच्या वाढदिवसाचं. यानं खिशातून चंदेरी डबी काढली. पोराच्या मावशीनं डबीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "काका, मुख्य फोटोग्राफर कधी येणार?"

बाकीचे हसले. मावशी बिचारी हसलीसुद्धा नाही. खटक्या तेच बोलणं पोटात घेऊन घरी आला आणि दोन दिवस दुकानाचं दार अर्धंच उघडं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं जी युक्ती काढली ती त्यालाच सुचू शकत होती. मेलेला डीएसएलआर पुसूनपासून तिपाईवर चढवला. शेजारी बायकोला उभं केलं, म्हणजे आमच्या वहिनीला. वहिनीच्या हातात पांढरा पुठ्ठा. गिऱ्हाइकाला सांगायचं, हा उजेड फेकायला. पुठ्ठ्याला मधोमध भोक, भोकामागे छोटा कॅमेरा, आवाज बंद करून. खटक्या मोठ्या कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटून वाकायचा. त्यातून बघायला सगळं दिसायचं, फक्त घ्यायला काही यायचं नाही. "हं, हनुवटी खाली, छान," म्हणायचा आणि जीभ टाळूला लावून टक्. त्याच क्षणी वहिनीनं पुठ्ठ्यामागचं बटण दाबायचं.

हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, म्हणतात ते हेच.

वहिनीला हे मुळीच पसंत नव्हतं. ती म्हणायची, "मला दोनच हात आहेत. एकानं पुठ्ठा धरू, एकानं कॅमेरा धरू, तुमची लाज कशानं धरू?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ कसली, पुठ्ठा आहे तो. आणि त्याला भोक आहे."

पण करायची. आणि खरं सांगायचं तर तिच्या बोटाला वेळ कळायची. माणूस अवघडलेलं असताना ती दाबतच नसे. हसू ओठावर यायच्या बेताला असलं की दाबायची. खटक्याची जीभ आधी वाजून जायची, ती मागाहून आपल्या मनानं. फोटो पूर्वीपेक्षा जिवंत यायला लागले. हे त्याला कळत होतं, आणि लाजेत आणखी एक वाटी भर पडत होती.

एक गोष्ट मात्र त्या युक्तीत साधत नव्हती. गिऱ्हाईक बघणार ते त्या तांब्याएवढ्या भिंगाकडे. फोटो निघणार शेजारच्या पुठ्ठ्यातून. त्यामुळे प्रत्येक फोटोत प्रत्येक माणूस जरासा बाजूला बघायचा. ओळखपत्राचे फोटो असले की हा म्हणायचा, "पुठ्ठ्याकडे बघा, डोळ्यांत उजेड येतो." तेवढे सरळ यायचे. बाकी नवराबायको बाजूला, आजीनातू बाजूला, निरोप समारंभातले अख्खे मास्तर बाजूला. आमच्या ओळीतला न्हावी एकदा खटक्याच्या दुकानाच्या काचेतले फोटो बघत म्हणाला, "खटक्या, तुझ्या फोटोतलं सगळं गाव कुणाची वाट बघतंय रे?"

"तीच पद्धत आहे आता. सरळ बघितलं की माणूस चोर दिसतो."

न्हाव्यानं मान डोलावली आणि आपल्या गिऱ्हाइकाची मान वाकडी केली. गल्लीला थोडंफार कळलं होतं. पण दुसऱ्याच्या लंगोटाला हात घालू नये, म्हणून कुणी बोललं नाही.

आक्काला मात्र ठाऊक नव्हतं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, मुलाकडे. येईल तेव्हा तिपाईवरच्या कॅमेऱ्यावरून हात फिरवायची आणि विचारायची, "चालतोय ना?" खटक्या म्हणायचा, "पळतोय." मेल्या म्हशीला मणभर दूध. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा बोलावं लागत नाही, नुसतं खरं टाळलं तरी भागतं. तो टाळत राहिला.

मग एका दुपारी आक्का दुकानात आली ती स्टूल ओढून थेट पडद्यापुढे बसली. मुलगा गाडी घेऊन बाहेर थांबला होता.

"फोटो काढ."

"आज काय विशेष?"

"जबड्यात गाठ आहे. डावीकडची बाजू काढणार आहेत. आज भरती व्हायचंय."

वहिनी हातातला पुठ्ठा खाली ठेवून तिच्याजवळ गेली. आक्कानं तिला हातानंच थांबवलं.

"रडायला घर आहे. मी असली तोंडं आयुष्यभर पुसलीत. कापल्यावर काय राहतं ते मला ठाऊक आहे. माणसं नंतर आरशात बघतात आणि त्यांना आठवतच नाही आधी काय होतं. मला आठवायचंय. उद्या परवा आरशात जे कोण दिसेल तिला मला विचारता आलं पाहिजे, बाई, तू कोण होतीस. म्हणून समोरून काढ. डोळ्याला डोळा भिडला पाहिजे."

वहिनीनं खटक्याकडे पाहिलं. त्या बघण्यात सगळं होतं. सांगा आता, एवढंच होतं. सांगायला एक श्वास पुरला असता. पण आक्काची नजर तिपाईवरच्या त्या काळ्या धुडावर होती, आणि त्या नजरेत कौतुक होतं. त्याला सांगता आलं नाही.

"आक्का, पुठ्ठ्याकडे बघ, डोळ्यांत उजेड येतो."

"पुठ्ठ्याकडे कशाला बघू? कॅमेरा मी आणलाय. कॅमेऱ्याकडेच बघणार."

"मान जरा..."

"मला मान शिकवू नकोस. काढ."

तो वाकला. डोळा मिटला. भिंगातून आक्काचा चेहरा अगदी लख्ख दिसत होता, नाकाच्या शेजारचा तीळसुद्धा. जीभ वाजली. टक्.

आक्का कान देऊन बसली. छातीला नळी लावून ऐकत असल्यासारखी.

"पुन्हा काढ."

टक्.

"पुन्हा."

टक्. आता जीभ कोरडी पडली होती. तिचा आवाज कॅमेऱ्याच्या खटक्यासारखा न येता म्हातारं माणूस हळहळताना काढतं तसा आला.

"साबणाचा डबा कुठेय?" आक्कानं विचारलं.

तो वर बघेना. डोळा त्या भिंगालाच चिकटवून राहिला, जणू आत शिरायला वाट आहे. आक्का उठली, तिनं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि कॅमेऱ्याचं बटण स्वतः दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मेलेल्याची नाडी बघतात तसा तिनं त्याच्यावर हात ठेवला.

"कधी गेला?"

"झाले बरेच दिवस."

"मला सांगितलं नाहीस."

"तू दिलेला होता."

"मी दिलेला म्हणून मरणार नव्हता का? मी नर्स होते, देव नव्हते." ती वहिनीकडे वळली. "आणि फोटो काढतं कोण?"

वहिनीनं पुठ्ठा फिरवला. भोकातून छोटा कॅमेरा बाहेर डोकावत होता, बिळातल्या उंदरासारखा. आक्कानं पुठ्ठा हातात घेतला, भोकातून बोट घालून हलवून पाहिलं.

"भोक चांगलं पाडलंय," ती म्हणाली. "नीट गोल आहे."

याच्यापेक्षा तिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं खटक्या नंतर म्हणायचा.

वहिनीनं आताचे फोटो दाखवले. उजेड चांगला, चेहरा स्वच्छ. तिन्हींत आक्का बाजूला बघत होती.

"बघ. मी कुणाकडे बघतेय? मढ्याकडे." तिनं छोटा कॅमेरा त्याच्या हातात दिला. "तू काढ. तिला दमवू नकोस. समोर ये आणि काढ."

आता एक सांगायला हवं. मोठ्या कॅमेऱ्यामागे माणसाचा चेहरा लपतो. डोळा भिंगाला, नाक पाठीला, बाकीचं हातांनी झाकलेलं. छोट्याचं तसं नाही. तो पुढे धरावा लागतो, मागच्या पडद्यावर बघावं लागतं, आणि धरणाऱ्याचं तोंड उघडं पडतं. खटक्या आक्कासमोर उभा राहिला तेव्हा त्याला लपायला काहीच उरलं नव्हतं. डोळे लाल, नाक वाहतंय. पडद्यावरचा चौकोन आक्काचा चेहरा पकडायचा, सोडायचा, पुन्हा पकडायचा. त्यात कोपऱ्यात तांबडी खूण लुकलुकायला लागली. पुठ्ठ्यामागे सगळा वेळ चालू ठेवल्यानं बॅटरी संपत आली होती. आक्का पुन्हा, पुन्हा म्हणत होती, जीभ वाजत होती, तेव्हा खरा कॅमेरा भोकामागे जळत बसला होता.

"आक्का, सरळ बस. हसू नकोस. म्हणजे हस थोडी."

"आधी नाक पूस," आक्का कडाडली. "एवढा घोडा झालास, लेन्सवर गळेल ते, अक्कल कुठे..."

आणि त्याचं बोट दाबलं गेलं.

कॅमेऱ्यानं शेवटचा तो एक फोटो घेतला, पडद्यावर क्षणभर दाखवला, भिंग आत ओढून घेतलं आणि डोळा मिटला.

"काय झालं?"

"बॅटरी गेली. एक तास दे आक्का. तासात भरते. नाहीतर मी कुणाचा तरी मागून आणतो, थांब..."

बाहेर मुलानं हॉर्न वाजवला. आक्कानं पिशवी उचलली.

"दवाखान्यात रक्त घ्यायला माणूस थांबलाय. मी त्यांना कधी थांबवलं नाही, आज कशाला थांबवू. कसा आला?"

खटक्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. खोटं सांगायची ही शेवटची संधी होती. "छान आलाय" म्हटलं असतं तर ती समाधानानं गेली असती.

"तोंड उघडं आलंय," तो म्हणाला. "शिव्या देतानाचा आलाय. पण माझ्याकडे बघतेयस. सरळ."

"मग निघाला," आक्का म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

ती गेल्यावर त्यानं तिपाईवरून मोठा कॅमेरा काढला आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. वहिनीनं पुठ्ठा फेकून द्यायला काढला, तो यानं तिच्या हातातून घेतला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेव्हा वहिनी समोर उघड्यावर छोटा कॅमेरा घेऊन उभी, आणि हा बाजूला पुठ्ठा धरून. भोक तसंच होतं. गिऱ्हाइकानं विचारलं, "काका, तुमचा तो मोठा कुठे गेला?"

"मेला," खटक्या म्हणाला. "बरेच दिवस झाले. तुमचे मागचे फोटोही हिनंच काढलेत."

गिऱ्हाईक हसलं. हसणारच. काही गिऱ्हाइकं कायमची गेली, पलीकडच्या चौकात मोठा कॅमेरा बघून तिकडे शिरली. काही राहिली. न्हावी म्हणाला, "बरं झालं बाबा, आता तुझ्या फोटोतलं गाव वाट बघायचं थांबलं." खटक्यानं ऐकून घेतलं. आधीची लाज झाकता येत होती, तिला पुठ्ठा पुरायचा. ही नवी लाज उघडी होती, आणि ती गिऱ्हाइकांपुढची नव्हतीच. बहिणीला आयुष्यात एकदाच भावाकडून काहीतरी हवं होतं, समोरून, वेळेवर, आणि यानं तिचा वेळ जीभ वाजवण्यात घालवला. बाकीचं लोक विसरतील. हे कोण विसरणार, आणि कसं.

आक्का बरी होऊन घरी आली. जबड्याची डावी बाजू गेली, गाल आत ओढला गेला, बोलणं पातळ कालवलेल्या पिठासारखं झालं. सूनबाईला कळतं, मुलाला निम्मं कळतं, बाकीच्यांना अंदाज करावा लागतो. जिच्या तोंडाला डॉक्टर वचकायचे ती आता पाटीवर लिहून पाणी मागते.

खटक्यानं तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून नेऊन दिला. नेताना त्याला वाटलं होतं, ती बघून तोंड फिरवेल. फोटोत तिचा जबडा पुढे आलेला, तोंड सताड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि डोळे थेट बघणाऱ्यात घुसलेले. आक्कानं तो बराच वेळ पाहिला. मग मुलाला खुणेनं खिळा ठोकायला लावला, आरशाच्या अगदी शेजारी.

खटक्या दर आठवड्याला जातो. त्या फोटोकडे पाठ करून बसायला बघतो. आक्का सूनबाईला खुणावते, सूनबाई खुर्ची फिरवते. मग तो बसतो, खाली बघत, गुडघ्यावर हात ठेवून, मास्तरांसमोर बसावं तसा. मी एकदा त्याच्यासोबत गेलो होतो, तेव्हा पाहिलंय. तो बोलता बोलता फोटोच्या त्या दिवसावर आला, त्याचं नाक वाहायला लागलं. आक्का काहीतरी बोलली. शब्द एकात एक गेले, कुणालाच कळलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग वैतागून तिनं हात उचलला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

खटक्यानं फोटोकडे बघितलं, मुकाट्यानं खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं.